जिंजर बेकर यांच्या वादनाला अधिक जागा हवी होती

ब्रिटिश ड्रमवादक जिंजर बेकर यांच्यावरील ज्या लेखाबद्दल मी लिहीत आहे, त्यात त्यांचे हेरॉइनचे व्यसन, तापट स्वभाव आणि 'क्रीम' या रॉक बँडमधील सहकारी, बासगिटारवादक जॅक ब्रूस यांच्याशी झालेली भांडणे सविस्तर आली आहेत, परंतु ज्या वादनामुळे त्यांचे नाव आज घेतले जाते, त्याला एकच परिच्छेद मिळाला, याचे वाईट वाटते.

बेकर स्वतःला जॅझचे वादक मानत असत. फिल सीमन या ज्येष्ठ ड्रमवादकाने त्यांना आफ्रिकी तालवाद्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या आणि हेरॉइनची ओळखही त्याच सहवासात झाली. त्यामुळे त्यांची कला आणि त्यांचा विनाश वेगवेगळे काढून दाखवणे मला फार अवघड वाटते. 'क्रीम'मध्ये (1966 ते 1968) दोन्ही पायांनी दोन बेस ड्रम वाजवत आणि त्यावर हातांनी टॉम-टॉम या ड्रमचे निराळे बोल गुंफत त्यांनी जे दीर्घ एकलवादन केले, त्यात केवळ वेग नव्हता, तर आवर्तन पुन्हा जागेवर आणून ठेवण्याची विलक्षण शिस्त होती.

लेखात नायजेरियातील लागोस शहराचा उल्लेखच नाही. 1971 मध्ये रेंज रोव्हर गाडीने सहारा ओलांडून ते नायजेरियाला गेले, तेथील संगीतकार फेला कुटी यांच्यासोबत वाजवले आणि तेथे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओही उभारला. पुढे सांधे झिजून वेदना होत असतानाही 2014 मध्ये त्यांनी घानाचे तालवादक अबास डोडू यांना सोबत घेऊन नवा जॅझ अल्बम काढला.