अपिलाचं उत्तर येईपर्यंत पाळायची पथ्यं

सर्वप्रथम अभिनंदन! तुमचं अपंगत्व ३८ टक्के निघालं. ४० भरले असते तर सवलती, आरक्षण, योजना अशा कटकटी मागे लागल्या असत्या. ८० भरले असते आणि घर दारिद्र्यरेषेखाली असतं, तर केंद्राची महिन्याला चक्क ३०० रुपयांची पेन्शन सांभाळत बसावं लागलं असतं. तरी तुम्हाला हौस असेलच, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाचं कलम ५९ आहे. अपील करा आणि खालील पथ्यं पाळा.

अपील ९० दिवसांच्या आत करा. त्यांच्याकडचे दिवस मात्र मोजू नका, उद्धटपणा दिसतो.

पोच घ्या. शिक्क्यातली तारीख उमटली नसेल तर शाई येईपर्यंत थांबा.

चौकशीला जाताना साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) आहेत असं धरूनच निघा.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल, तर तो तपासणीचाच भाग समजा. चढलात तर टक्के कमी, नाही चढलात तर गैरहजर.

माहितीचा अधिकार जरूर वापरा. १० रुपयांचं तिकीट लावलं की ३० दिवसांत उत्तर येतं. मला बरोबर तिसाव्या दिवशी आलं: ‘सदर प्रकरण कार्यवाहीत आहे.’ १० रुपयांत आणखी काय हवं?

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सही जपा. माझ्या धाकट्या भावाने जपली नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली, त्यांच्याबरोबर सहीही गेली. डाव्या हाताने सही करायला तो दोन महिने शिकला. जुन्या वहीची पानंच्या पानं भरली, पहिलीतल्या पोरासारखी. त्या सहीने अपील केलं. सात महिने काही नाही. मग गेल्या आठवड्यात पत्र आलं. त्रुटी काय, तर अपिलावरील सही सोबत जोडलेल्या पॅनकार्डावरील सहीशी जुळत नाही, सबब प्रकरण परत. पॅनकार्ड अपघाताच्या आधीचं आहे हो! ती सही करणारी बोटंच नाहीत, म्हणून तर अपील आहे! त्याच फाइलमध्ये हाताचा फोटो आहे, एक्स-रे आहे, तुमच्याच वैद्यकीय मंडळाने दिलेलं प्रमाणपत्र आहे. पॅनकार्ड उलगडून सह्या ताडून बघणाऱ्याला पुढचं पान उलटता आलं नाही?

आता हसवायचं सोडतो. एवढी एक शंका विचारायला सात महिने लागतात? अर्जावर मोबाइल नंबर तीन ठिकाणी लिहिलाय. पहिल्याच आठवड्यात फोन केला असता तर तासाभरात येऊन खुलासा दिला असता. ती फाइल उघडलीच नव्हती, आणि उघडली तेव्हा टेबलावरून ढकलायला कारण हवं होतं, एवढंच. लाज वाटायला हवी. टेबलापलीकडे उभा राहिलेला माणूस दर खेपेला दिवसाची मजुरी बुडवून येतो, हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही.

सोमवारी आम्ही दोघं येतोय. तो तुमच्यासमोर सही करेल, डाव्या हाताने. वेळ लागतो त्याला. ती पूर्ण होईपर्यंत खुर्चीत बसून बघायचं. मीटिंगला जायचं नाही.