टाइमशेअर अपग्रेडचे पैसे वसूल होतात म्हणे!

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधला दर वर्षीचा मुक्काम आठवड्यांच्या किंवा पॉइंटांच्या रूपात आगाऊ विकत घेणं; वर दर वर्षी देखभालीचं शुल्क, म्हणजे मेंटेनन्स, वेगळं. तो घेतलेल्या लोकांमध्ये एक दावा कायम फिरत असतो. कधी फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधून, कधी थेट सेल्समनच्या तोंडून. गोषवारा असा: अपग्रेड, म्हणजे जास्त पॉइंट घेऊन सदस्यत्वाच्या वरच्या श्रेणीत जाणं, हा खर्च नव्हे, गुंतवणूक आहे. पॉइंटांवर भरघोस सवलत मिळते, हव्या त्या तारखांना बुकिंग मिळतं, आधी भरलेले पैसे नव्या करारात पूर्ण वळते होतात, उरलेले पॉइंट भाड्याने दिले की मेंटेनन्स निघतो आणि शेवटी सगळं मुलांना राहतं. शिवाय हा भाव फक्त आजच्यापुरता!

यातला एकही मुद्दा निखालस खोटा नाही, म्हणूनच तो खपतो. गोम वेगळीच आहे. मिळण्याची बाजू जवळजवळ सगळी कंपनीच्या नियमावलीत असते आणि ती नियमावली बदलण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. देण्याची बाजू मात्र करारात असते, तुमच्या सहीनिशी. अपग्रेडचा निर्णय घेताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवला, तर पुढचे मुद्दे आपोआप सैल पडतात.

सुरुवात सवलतीपासून करू, कारण बहुतेक लोक तिथेच भुलतात. वरच्या श्रेणीला मिळणारी मोठी सवलत सहसा मुक्काम अगदी तोंडावर आला असताना केलेल्या बुकिंगवर असते. म्हणजे जी खोली तोवर कुणी घेतली नाही, ती कमी पॉइंटांत. निवृत्त असाल, चार दिवसांच्या सूचनेवर बॅग भरू शकत असाल, गर्दीचा हंगाम टाळत असाल, तर ही सवलत खरोखर कामाची आहे. पण मुलांच्या सुट्ट्यांवर ज्यांची सहल ठरते, ते दहा-अकरा महिने आधी बुकिंग करतात. त्यांना ही सवलत कागदावरच दिसणार. आणि ती पॉइंटांत मिळते, पैशांत नाही. मेंटेनन्सचं बिल पूर्ण भरावंच लागतं.

आता आकडे. अपग्रेडची किंमत १०० धरा आणि वाढीव पॉइंटांचा वाढीव मेंटेनन्स वर्षाला ६. मेंटेनन्स दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढतो असं मानलं, तर दहा वर्षांत तोच साधारण ७५ होतो. म्हणजे रोखीने घेतलं तरी दहा वर्षांचे १७५, वर्षाला साडेसतरा. कंपनीच्याच कर्जावर घेतलं आणि व्याज द.सा.द.शे. १४ असेल, तर दहा वर्षांच्या हप्त्यांत मूळ १०० चे १८६ होतात. मेंटेनन्स धरून २६१. एवढ्यात मिळालं काय? दर वर्षी थोडे जास्त पॉइंट. तेवढेच पॉइंट किंवा तेवढ्याच रात्री त्याच योजनेतले दुसरे सदस्य अनेकदा आपल्या मेंटेनन्सच्या आसपासच्या भावात देऊन टाकतात, कारण त्यांना त्या वाया घालवायच्या नसतात. समजा त्यांनी मेंटेनन्सच्या दीडपट मागितले, तरी दहा वर्षांचे ११३ च्या आसपास होतात. आणि ज्या वर्षी जायचं नसेल त्या वर्षी शून्य. तुमचे आकडे वेगळे असतील. ते घालून हाच हिशेब करा. सही करायच्या टेबलावर मात्र करू नका, तिथला कॅल्क्युलेटर दुसऱ्या बाजूचा असतो.

यावर उत्तर ठरलेलं: ‘पण दहा वर्षांनी पॉइंट तुमचेच असतात ना!’ असतात. विकायला गेलात की त्यांची खरी किंमत कळते. रीसेलच्या बाजारात टाइमशेअर कंपनीच्या भावाच्या लहानशा अंशाला जातो आणि कित्येक जुने आठवडे तर लोक ‘मेंटेनन्स भर आणि घेऊन जा’ अशा बोलीवर फुकट देतात. श्रेणीचा पैसा तर पूर्ण बुडीत. कारण अनेक योजनांत रीसेलने घेतलेले पॉइंट श्रेणीसाठी धरलेच जात नाहीत. विंडम या टाइमशेअर कंपनीच्या व्हीआयपी श्रेणींचा नियम तसाच आहे. डिस्नी व्हेकेशन क्लब या डिस्नीच्या टाइमशेअर योजनेने तर १९ जानेवारी २०१९ पासून रीसेलने घेतलेले पॉइंट रिव्हिएरासारख्या नंतरच्या रिसॉर्टमध्ये चालणार नाहीत असं ठरवलं. म्हणजे तुम्ही जे जादा पैसे देऊन घेतलं, ते पुढच्या माणसाच्या हाती पोचतच नाही. याला गुंतवणूक म्हणायचं धाडस मला होत नाही.

‘श्रेणी वाढली की बुकिंगचा त्रास संपतो.’ श्रेणीने रांगेतली जागा बदलते, खोल्या वाढत नाहीत. समुद्रासमोरची दोन बेडरूमची युनिटं सुट्टीच्या आठवड्यात जितकी होती तितकीच राहतात. तुमच्यासारखेच अपग्रेड केलेले इतर मात्र वाढतात आणि तुमच्याही वर एक-दोन श्रेणी असतातच. काही योजनांत तर अग्रहक्काचा श्रेणीशी संबंधच नाही. डिस्नीच्या योजनेत ज्या रिसॉर्टचे पॉइंट घेतले तिथे ११ महिने आधी बुकिंग करता येतं, इतरत्र ७ महिने आधी. लहानात लहान कराराचा मालकही याच नियमाने रांगेत लागतो. तिथे प्रश्न किती पॉइंट घेतले याचा नसून कुठे घेतले याचा आहे. त्यामुळे ‘प्राधान्य’ हा शब्द ऐकला की एकच करा: तुम्हाला हवा असलेला आठवडा आणि रिसॉर्ट सांगा, आणि वरच्या श्रेणीच्या खात्यातून आत्ता काय उपलब्ध दिसतं ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

‘जुने पैसे पूर्ण वळते होतात’ हा मुद्दा सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा. वळते होतात ते कंपनीने ठरवलेल्या नव्या भावातून, आणि तो भाव ठरवताना वळत्याची तजवीज आधीच करता येते. शिवाय अपग्रेड म्हणजे बहुतेक वेळा जुना करार संपवून नवा. जुना ठराविक आठवडा असेल, त्याचा मेंटेनन्स कमी असेल, कर्ज फिटलेलं असेल, तर हे सगळं नव्या करारात विरघळून जातं. जुन्या कर्जाची बाकी नव्या कर्जात मिसळली तर तिलाही नवाच दर लागतो. म्हणून वळत्याच्या आकड्याकडे बघू नका. सहीनंतर एकूण देणं किती आणि वार्षिक शुल्क किती, हे दोन आकडे लेखी मागा.

भाड्याचा मुद्दा फार ताणायला नको. भाड्याने देणारे तुम्ही एकटे नाही, आणि वर पाहिलं तसं इतर सदस्यही मेंटेनन्सच्या आसपास देऊन टाकतात. त्या स्पर्धेत वाढीव मेंटेनन्स निघाला तरी खरेदीची किंमत निघत नाही. धंदा म्हणून भाड्याने देण्यावर अनेक योजनांत बंदी असते, आणि सवलतीत घेतलेल्या खोल्यांवर तर कंपन्यांची बारीक नजर असते.

वारशाबद्दल. मुलांना मिळतात ते पॉइंट आणि त्यासोबत मेंटेनन्सचं देणं. त्यांना नको असेल तर वारसा नाकारता येतो का, हे देशादेशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. पण ज्या वस्तूबाबत हा प्रश्न विचारावा लागतो, तिची इस्टेट म्हणून जाहिरात करणं गमतीचं आहे. स्पेनने १९९८ च्या कायद्याने टाइमशेअरची मुदत ३ ते ५० वर्षांत बांधली आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत नसलेला करार रद्दबातल ठरवला. ज्या ‘कायमस्वरूपी’पणाचं इथे कौतुक होतं, तोच तिथे कोर्टात दोष ठरला.

आणि श्रेणीचे फायदे टिकतात तरी किती? कंपन्या एकमेकींना विकत घेतात, नियम बदलतात. हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सने २०२१ मध्ये डायमंड रिसॉर्ट्स घेतली आणि २०२२ मध्ये ‘एचजीव्ही मॅक्स’ ही नवी पायरी आणली. दोन्हीकडची रिसॉर्ट वापरायची तर जुन्या सदस्यांपुढे पुन्हा अपग्रेडच. काल वरची असलेली पायरी आज मधली होते, ती अशी.

मग कुणीच करू नये? असं मी म्हणणार नाही. दर वर्षी तुमचे सगळे पॉइंट संपत असतील, वरून तुम्ही इतरांकडून रात्री विकत घेत असाल, पुढच्या श्रेणीपर्यंतचं अंतर अगदी थोडं असेल, पैसे रोख असतील आणि तारखांची मोकळीक असेल, तर हिशेब जुळू शकतो. या पाचही अटी एकत्र पाळणारे लोक आहेत. सदस्यांसाठी म्हणून ‘माहिती’च्या बैठकीला बोलावले जाणारे बहुतेक मात्र त्यांतले नसतात.

राहता राहिला ‘आजचाच भाव’. हा भाव पुढच्या बैठकीतही निघतो, कधी याहून बऱ्या भेटवस्तूसकट. तरीही भरात सही झालीच असेल, तर करारातली रद्द करण्याची मुदत आधी शोधा. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार ती १४ दिवसांची आहे आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाही मनाई आहे. फ्लोरिडात १० दिवस, सही किंवा शेवटचं कागदपत्र हाती पडल्याची तारीख, यातली जी नंतरची तिच्यापासून मोजून. रद्द करायचं ते लेखी, करारात दिलेल्या पत्त्यावर, पोचपावती ठेवून. सेल्समनला फोन करू नका. तो पुन्हा समजूत घालायलाच बसलेला असतो, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.