मोठं नावच कशाला हवं?
‘मोठ्या कॉलेजला मोठ्या नावाचाच हेड कोच हवा’ हे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या (अमेरिकन फुटबॉल) लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. इंडियाना युनिव्हर्सिटीचंच बघा. 2023 मध्ये 12 पैकी 9 सामने हरलेल्या या संघाने जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून कर्ट सिग्नेटींना आणलं आणि पुढच्याच हंगामात 11 सामने जिंकून थेट प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी, गाठला!

माझी मुलगी तेव्हा ब्लूमिंग्टनलाच, या युनिव्हर्सिटीच्या गावी, शिकत होती. नेमणूक झाली तेव्हा तिच्या मित्रमंडळींत ‘हे कोण बुवा?’ असाच सूर होता. पण हा माणूस डिव्हिजन टू या खालच्या स्तरापासून जाईल तिथे जिंकत आलेला, आणि येताना जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडूही सोबत आले. कोचमागून कोणते खेळाडू येतील, हा आज उमेदवार निवडतानाचा पहिला प्रश्न आहे. लेखात ट्रान्सफर पोर्टलचा (खेळाडूंना कॉलेज बदलण्यासाठी असलेल्या व्यवस्थेचा) साधा उल्लेखही नसावा, हे फार खटकलं.