व्हेअर्समधली नोंद म्हणजे लसीवरचा ठपका नव्हे

व्हेअर्स (VAERS) ही लसीनंतरच्या त्रासांच्या नोंदी ठेवणारी अमेरिकेची सरकारी यंत्रणा. ‘अमेरिकेच्या व्हेअर्समध्ये हजारो मृत्यू नोंदलेत, म्हणजे ते लसीनेच झाले’ असा संदेश फिरतो आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. १९९० पासूनच्या या यंत्रणेत कोणीही लसीनंतरचा त्रास कळवू शकतो. कारण सिद्ध करावे लागत नाही. एकूण डोस किती दिले हेही त्यात नसते, मग प्रमाण काढणार कशावरून?

नोंदी निरुपयोगी आहेत, हे दुसरे टोकही तितकेच चूक. १९९९ मध्ये रोटाव्हायरस या जुलाब घडवणाऱ्या विषाणूवरच्या एका लसीनंतर बाळांच्या आतड्यात आतडे शिरल्याच्या १५ नोंदी आल्या आणि ती लस देणे थांबवले गेले. संबंध पुढच्या अभ्यासांत पक्का ठरला.

नोंद करताना लसीचा बॅच क्रमांक, डोसची तारीख आणि लक्षण कधी सुरू झाले ते लिहा. नुसते ‘बरे वाटत नाही’ तपासता येत नाही.