घागर विहिरीवरच राहिली, मग पाणी कोणी नेलं?

नमस्कार सर,

तीस वर्षं मराठी शिकवलंत असं लिहिलंत, म्हणून सर म्हणते. उत्तराला आठ दिवस लागले. पहिले दोन दिवस रागात गेले. तिसऱ्या दिवशी तुमची प्रतिक्रिया नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली, तर तो म्हणाला, "बरोबरच लिहिलंय की त्यांनी." मग उरलेले दिवस त्याच्यावरच्या रागात गेले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. एका दिवाळी अंकाकडून कथा साभार परत आल्यावर मी तीन वर्षं काही लिहिलं नाही, आपल्याला हे जमणारं नव्हे असं मनाने घेतलं होतं, आणि प्रार्थनेतून पुन्हा लिहायचा धीर आला, असं मी मागच्या लेखात सांगितलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं: 'देवाने धीर दिला' म्हणणाऱ्या लेखिकेला संपादकाने काय सुचवायचं आणि वाचकाने काय बोलायचं? शंका हेच लेखकाचं भांडवल, ते श्रद्धेच्या पेढीवर ठेवून मोकळं झालं तर लिहिणार कशाच्या जोरावर? आणि सगळ्यात झोंबलं ते हे: "तुमची निम्मी वाक्यं व्यासपीठावरून आल्यासारखी वाटतात. आधी लेखक व्हा, ख्रिस्ती असणं थोडं बाजूला ठेवा."

व्यासपीठाचं मान्य. मी तो लेख उघडून पेन्सिल घेऊन बसले. 'प्रभूने माझ्या जीवनात अद्भुत कार्य केलं' दोनदा, 'कृपेने सांभाळलं' तीनदा. ही वाक्यं माझी नाहीत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी लोक उभं राहून साक्ष देतात, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, ती मी कळायला लागल्यापासून ऐकते आहे. त्यामुळे काय घडलं हे नीट बघण्याआधीच वाक्य जिभेवर तयार असतं. घडलं होतं ते एवढंच, सर: एका रात्री भांडी आवरल्यावर मुलीची जुनी वही घेतली, ओट्याशी उभ्या उभ्या अर्धं पान लिहिलं, ते वाईट होतं, आणि ते वाईट आहे हे कळूनही त्या रात्री मला गाढ झोप लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा. अद्भुत कार्य म्हणायचं तर तेच. मग लेखात तेच यायला हवं होतं, आणि मी मात्र त्यावर गोधडी पांघरून मोकळी झाले.

हा रोग आमच्याकडे जुना आहे. आमच्यातल्याच बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तुम्हीही वर्गात सांगितलं असेल. यमुना विधवांच्या कहाण्या ऐकत फिरते तोवर पुस्तक आजही धरून ठेवतं, आणि उपदेश सुरू झाला की बोट आपोआप पानं उलटायला लागतं. माझा तर निम्मा लेख त्या दुसऱ्या भागासारखा होता.

पण 'ख्रिस्ती असणं बाजूला ठेवा' हे कसं करायचं ते मला कळलं नाही. नाताळच्या आदल्या रात्री करंज्या तळताना आई जे गुणगुणायची ते बाजूला ठेवू, की आजीची बायबलबाईची नोकरी? बाजूला ठेवता येईल असं ते वेगळं काढलेलंच नाही. ते काढलं तर माझ्याकडे सांगायला उरतं काय, तर दुसऱ्यांच्या कथांची नक्कल. ती मी करून पाहिली आहे. ती कुणी साभारसुद्धा परत केली नाही.

आता भांडवलाकडे येते, कारण माझा खरा वाद तिथे आहे.

त्या परत आलेल्या कथेसोबत दोन ओळींची चिठ्ठी होती: पात्रं बोलतच नाहीत, सगळीकडून तुम्हीच बोलता. आज वाचते तेव्हा वाटतं, इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी मी वाचलं ते असं: तू कोण लागून गेलीस लिहिणारी? हे चिठ्ठीत नव्हतं. ते मी आधीपासून जवळ बाळगून होते. मंडळीच्या वार्षिक अंकात मी एका पाळकबाईवर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या बायकोवर, गोष्ट लिहिली होती, नवऱ्याचा पगार रखडल्यावर बांगड्या गहाण टाकणारी. एक ज्येष्ठ सभासद उपासनेनंतर चपला घालता घालता म्हणाले, "घरातलं बाहेर कशाला?" आणि बाहेर एका कार्यक्रमात एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "तुमचं मराठी इतकं छान कसं?" आमच्या घरात चौथी पिढी नगरी मराठीत भांडते आहे, हे त्यांना सांगायचं तिथल्या तिथे सुचलं नाही. म्हणजे आतल्यांना मी फार बोलकी आणि बाहेरच्यांना मी पाहुणी. त्यात ती चिठ्ठी आली.

तर तुमची शंका आणि माझी शंका एक नव्हे, सर. 'हे वाक्य खोटं वाटतंय का' ही कागदावरची शंका, ती हवीच. 'मी लिहावंच का' ही माणसावरची. ती एक स्वल्पविरामसुद्धा सुधारत नाही. तीन वर्षं मी ते भांडवल जपून ठेवलं, त्यावर एका पैचं व्याज मिळालं नाही.

ती माणसावरची शंका गेली कशी, ते सांगते, आणि या वेळी व्यासपीठावर न चढता. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा एक लेखनिक होता, बारूख. यिर्मया सांगायचा, हा शाईने गुंडाळीवर उतरवायचा. त्याची कुरकुर आणि त्याला मिळालेलं उत्तर मिळून यिर्मयाच्या पुस्तकात एक छोटासा अध्याय आहे, पंचेचाळिसावा, जेमतेम पाच वचनांचा. बारूख म्हणतो, कण्हून कण्हून थकलो, मला विसावा नाही. देवाचं उत्तर फारसं गोड नाही: तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतो आहेस का? शोधू नकोस. पण जाशील तिथे तुझा जीव मात्र मी राखीन. नाव होईल, ग्रंथ वाचला जाईल, असं एक अक्षर त्यात नाही.

हे वाचल्यावर आधी मला राग आला, मग हसू आलं. कारण तीन वर्षं मी ज्याला नम्रपणा समजत होते तो नम्रपणा नव्हताच. मोठी लेखिका होता येत नसेल तर लिहिणारच नाही, असा तो हट्ट होता. माझं मोल त्या कथेवर ठरणार नाही, ते आधीच ठरलेलं आहे, हे एकदा खरं मानलं आणि कथा नुसती कथा झाली. मग ती फाडता येते, जोडता येते, अर्धी टाकून देता येते. देवाने धीर दिला म्हणते तो एवढाच. चांगलं लिहिशील असं त्याने मला कधीच सांगितलेलं नाही.

याच बारूखाची आणखी एक हकिकत तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर आहे. यहूदाचा राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. बारूखाने लिहिलेली गुंडाळी वाचली जात होती. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापायचा आणि निखाऱ्यात टाकायचा. सगळी गुंडाळी अशी जळली. इतका क्रूर संपादक मला तरी अजून भेटलेला नाही. पण मग यिर्मया दुसरी गुंडाळी बारूखाला देतो, तो सगळं पुन्हा लिहितो, आणि शास्त्र सांगतं की त्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली. खुद्द देवाच्या नावाने लिहिलेल्या मजकुराचाही दुसरा खर्डा झाला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा निघाला! "हे मला प्रभूने दिलंय, एक शब्द बदलणार नाही" असं म्हणणारे मीही पाहिलेत. त्यांच्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. फक्त त्यांना हा छत्तिसावा अध्याय दाखवा.

पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेवर तर कुणी शंका घेणार नाही. त्यांनी साध्या मराठीत बायबल आणायचं ठरवलं तेव्हा त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्या भाषांतराला दिली. १९२२ साली त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला निघालं, केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून. विश्वास होता म्हणून व्याकरण सोडलं, असं काही झालं नाही.

तुम्ही तुकोबांचा दाखला दिलात, ते बरं केलंत. साळुंकी गोड बोलते, पण तिला शिकवणारा धनी वेगळाच, असं म्हणणारेही तेच ना? आणि वह्या इंद्रायणीत गेल्यावर तेरा दिवस अन्नपाण्याविना काठावर बसून राहिले अशी कथा सांगतात, तेही तेच. बोलविता धनी दुसरा असला तरी बोलणाऱ्याची झोप उडायची ती उडतेच. आमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, ते उगीच नव्हे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांना वाचत वाढलात असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त सांगत नाही. टिळक १९१९ ला गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईने त्यात ६४ अध्यायांची भर घातली, तीही महाराष्ट्र ज्याला कवी म्हणून ओळखत होता त्याच्या ओळींना जोडून. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी इथे बसून ठरवणार नाही. पुस्तक १९३८ ला आलं, त्या १९३६ लाच गेल्या होत्या.

आता आजीचं सांगते आणि थांबते. आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. वडाळ्याच्या आसपासच्या खेड्यांतून पायी हिंडायची, ओसरीवर बायका जमवून गोष्टी सांगायची. बायबलमधल्या शोमरोनी बाईची गोष्ट तिची हातखंडा: भर दुपारी विहिरीवर आलेली, येशूशी बोलून भारावलेली, घागर तिथेच टाकून गावात धावत गेलेली. आजी इथे आवाज चढवायची. एकदा एका म्हातारीने मध्येच विचारलं, "अगं पण घागर विहिरीवरच राहिली, मग घरी पाणी कोणी नेलं?"

सगळ्या हसल्या. आजीला उत्तर देता आलं नाही. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात तेच. आपली श्रद्धा कमी पडली असं काही तिला वाटलं नाही, किंवा म्हातारीला शास्त्र कळत नाही असंही नाही. पुढच्या वेळी त्याच ओसरीवर तिने तीच गोष्ट सांगितली, फक्त घागरीपाशी जरा थांबली. ती केवढी असेल, रिकामी होती की भरलेली, ती खाली ठेवून बाई वळली तेव्हा खांदा कसा हलका झाला असेल. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी विचारलं, "बाई, शास्त्रात नाही ते सांगता?" आजी म्हणाली, "घागर शास्त्रातच आहे, साहेब. मी नुसती तिच्यापाशी उभी राहिले."

तुमची प्रतिक्रिया मला त्या म्हातारीच्या प्रश्नासारखी वाटली, पण ते कळायला आठ दिवस लागले.

ती साभार परत आलेली कथा मी पुन्हा काढली आहे. विषय त्याच पाळकबाईचा होता, नुसता लांबवलेला. आता ती बोलते. सोनाराशी तर चक्क घासाघीस करते, आणि 'कृपा' हा शब्द पूर्ण कथेत एकदाच येतो, तोही सोनाराच्या तोंडी. चौथ्या पानावर मात्र अजून मीच बोलते आहे असा संशय आहे. तुमची हरकत नसेल तर पाठवते. तेवढं चौथं पान बघाल का?