तीन टिंबांचा घोळ

"दोन ओळींचं काम आहे," असं ज्याबद्दल सांगितलं जातं, ते काम मी हल्ली अंगाला लावून घेत नाही. ही गोष्ट त्या शहाणपणाच्या आधीची.

आमचं अ‍ॅडमिनचं पान फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडावं, एवढंच हवं होतं. "रिक्वेस्टचा आयपी घे, आपल्या सबनेटमधला आहे का बघ. अर्ध्या तासाचं काम," टीम लीड म्हणाली. मी "वीस मिनिटं," म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

आयपी म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता आणि सबनेट म्हणजे अशा पत्त्यांचा एक गट. आमचं सबनेट होतं १९२.१६८.१.०/२४. शेवटचे तिरकी रेघ आणि चोवीस मी सरळ नजरेआड केले. मला आकडे दिसत होते, मधली टिंबं दिसत होती, आणि टिंबं दिसली की माणसाला वाटतं, आपल्याला कळलं. पत्ता '१९२.१६८.१' ने सुरू होतो का, ही पहिली ओळ. होत असेल तर आत, ही दुसरी. खरोखर दोन ओळी! माझ्या मशीनवरून पान उघडलं. मी कोड चढवला आणि निवांत झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांचा फोन. "अरे, गेस्ट वायफायवरचा एक पाहुणा तुझं अ‍ॅडमिनचं पान वाचत बसलाय. मुद्दाम दाखवतोयस का?"

गेस्ट वायफायचे पत्ते होते १९२.१६८.१०० ने सुरू होणारे. आणि '१००' ची सुरुवात कशाने होते? '१' ने. दहा ते एकोणीसचीही त्यानेच होते, शंभर ते एकशे नव्याण्णवचीही. कागदावर मोजलं. एका नेटवर्कला दार उघडायला सांगितलं होतं, मी एकशे अकरांना उघडून दिलं होतं.

उपाय सोपा होता. शेवटी एक टिंब वाढवलं, '१९२.१६८.१.' आणि पाहुणा बाहेर. अख्ख्या ऑफिसची सुरक्षा एका टिंबावर उभी आहे, हे त्या वेळी मला अभिमानाचं वाटलं होतं.

हे सुख दुपारपर्यंत टिकलं. सरांनी आणखी दोन सबनेट पाठवले: घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या व्हीपीएनचं १०.८.०.०/२४ आणि नव्या इमारतीचं १७२.१६.२०.०/२२. व्हीपीएनचं मी झटक्यात उरकलं. नव्या इमारतीलाही '१७२.१६.२०.' लावून टाकलं. तासाभरात तिथून ओरड सुरू झाली. चारातल्या तीन मजल्यांना पान दिसेना.

"सर, त्यांचे पत्ते एकवीस, बावीस, तेवीसचे आहेत. तुम्ही तर वीस लिहिलंय."

"वीस ते तेवीस सगळे त्यात येतात."

"पण तेवीस लिहिलंय कुठे?"

"बावीस लिहिलंय ना!"

या उत्तराने माझं समाधान झालं असेल असं समजून त्यांनी फोन ठेवला.

मग मी निमूटपणे वाचायला बसलो. टिंबं ही माणसांच्या सोयीसाठी आहेत. मशीनच्या लेखी पत्ता म्हणजे बत्तीस बिटांचा, म्हणजे बत्तीस शून्य-एकांचा, एकच सलग आकडा. रेघेनंतरचा आकडा सांगतो, त्यातले पहिले किती बिट जुळले पाहिजेत. १९८१ च्या मूळ आराखड्यात ए, बी, सी अशा वर्गांत नेटवर्कचा भाग आठव्या, सोळाव्या किंवा चोविसाव्या बिटावर, म्हणजे नेमका टिंबापाशी संपायचा. माझा कोड त्या काळात शोभला असता. पुढे या ढोबळ वाटपात पत्ते वाया जायला लागले, आणि १९९३ मध्ये सायडर नावाची पद्धत आली. तेव्हापासून ही रेघ टिंबांची भीडभाड न ठेवता मधेच कुठेही पडते.

बावीस बिट म्हणजे पहिले दोन आकडे पुरते आणि तिसऱ्यातले सहा बिट. तिसरा आकडा मी मोठ्या अक्षरात लिहून काढला. वीस: ०००१०१००. तेवीस: ०००१०१११. पहिले सहा बिट हुबेहूब तेच, ०००१०१. चोवीस लिहिला: ०००११०००. पाचवाच बिट फिरला, चोवीस बाहेर! मला इतका आनंद झाला की मी तो कागद शेजारच्याला दाखवला. त्याने तो उलटा धरून "छान" म्हटलं.

आता कोड रीतसर लिहायचा. पत्त्याचा एक आकडा करायचा, त्यावर मास्क, म्हणजे जुळायला हवेत तेवढे बिट एक आणि बाकीचे शून्य असलेला आकडा, ठेवून बिटांचं 'अँड' करायचं, म्हणजे तेवढेच बिट ठेवून बाकीचे पुसायचे, आणि उत्तर नेटवर्कच्या आकड्याशी ताडून बघायचं. चढवला. आता परिस्थिती अशी झाली की घरून व्हीपीएनने येणारे सगळे आत आणि ऑफिसात हजर असलेले सगळे बाहेर. वरिष्ठांपैकी एकाने, हे धोरण कुणी ठरवलं, अशी विचारणा केली.

माशी शिंकली होती ती अशी. १९२.१६८.१.० चा आकडा होतो ३,२३,२२,३५,७७६. 'अँड' करून उत्तर तेवढंच यायला हवं होतं. जावास्क्रिप्टने दिलं उणे १,०६,२७,३१,५२०. ही भाषा बिटांची कामं करताना आकडा बत्तीस बिटांचा धरते आणि सगळ्यात डावीकडचा बिट उणेची खूण म्हणून वाचते. पत्त्याचा पहिला आकडा १२८ किंवा त्याहून मोठा असला की तो बिट चढलेलाच असतो. व्हीपीएनचा दहा त्या मानाने लहान, म्हणून तेवढा वाचला. मी इतकी वर्षं पत्ते लिहितोय, पण पत्ता उणे असू शकतो असं कधी मनात आलं नव्हतं.

यावर जालीम औषध आहे: उजवीकडे तोंड केलेले तीन बाण आणि पुढे शून्य. ते का चालतं हे समजून घेतलं, आता विचारू नका. मधल्या एका प्रयत्नात कंस विसरलो, तर या भाषेने 'अँड'च्या आधी तुलनाच उरकून घेतली आणि एकजात सगळ्यांना हाकललं. मग टेस्ट सर्व्हरवर कुणीतरी ०.०.०.०/० टाकलं. याचा अर्थ अख्ख्या जगाला मोकळीक. पण मास्क बनवताना बिट बत्तीस जागा सरकव म्हटलं की ही भाषा शून्य जागा सरकवते, त्यामुळे मास्क रिकामा होण्याऐवजी पूर्ण भरला. जगाला बोलावलं आणि आत यायला परवानगी मिळाली फक्त ०.०.०.० ला. तो कधी येत नाही.

तिसऱ्या दिवशी लॉगमध्ये एक पत्ता दिसला: आधी दोन विसर्गांसारखी चिन्हं, मग चार वेळा एफ, परत एक विसर्ग आणि पुढे आपला ओळखीचा १९२.१६८.१.५. आयपी पत्त्यांच्या नव्या, सहाव्या आवृत्तीच्या वेशातला जुनाच पत्ता. माझ्या कोडने तो टिंबांवर तोडला, पहिल्या तुकड्याचा आकडा करायला घेतला आणि 'हा आकडाच नाही' म्हणून हात टेकले. मीही टेकले.

"तू हे सगळं हाताने लिहितोयस?" टीम लीडने मागून स्क्रीनकडे बघत विचारलं. "नोडमध्ये तयार मिळतं की."

मिळतं. आमचं जावास्क्रिप्ट ज्या नोडवर चालतं, त्यातच. सबनेट सांगा, पत्ता द्या, आहे की नाही ते सांगतं. उणे, शून्य, विसर्ग, सगळं सांभाळून. फक्त त्याचं नाव आहे 'ब्लॉकलिस्ट', म्हणजे अडवायच्या लोकांची यादी. ज्यांना आत घ्यायचं त्यांची नावं मी ब्लॉकलिस्टमध्ये घातली आणि लिहिलं, यादीत असेल तर येऊ द्या. एकूण पाच ओळी. मी त्या चढवून रजेवर गेलो.

परत आलो त्या सकाळी सरांचा फोन. "अरे, ऑफिस बाहेर आहे आणि पाहुणा परत पान वाचतोय."

कोड उघडला. माझ्या अटीच्या आधी कुणीतरी एक उद्गारचिन्ह, म्हणजे या भाषेतलं 'नाही', लावलं होतं. सोबत टीप होती: 'ब्लॉकलिस्टमधल्या लोकांनाच आत सोडत होतं. दुरुस्त केलं. एका चिन्हाचं काम होतं.'