गप्प बसलेला शहामृग खुशाल असतोच असं नाही

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. "शहामृग पाळा, वाहतुकीचं टेन्शन नाही. डोक्यावर पोतं घाला, पाय बांधा, पिकअपमध्ये आडवा टाका. वाळवंटातला पक्षी, उन्हाचं त्याला काही नाही. आपल्याकडे त्याला कायदाही लागत नाही." शहामृगासारख्याच इमू पक्ष्याच्या धंद्यात हात पोळलेली माणसं अजून आपल्यात आहेत. २०१२ साली तमिळनाडूत इरोडकडे तो फुगा फुटला, तेव्हा पक्ष्यांच्या खाद्याची सोय शेवटी सरकारला करावी लागली. त्यामुळे हा मजकूर पुढे ढकलण्याआधी एकेक वाक्य तपासू.

सगळ्यात धोक्याचं वाक्य पोत्याचं, कारण ते अर्धं खरं आहे. शहामृगाचा डोळा सुमारे पाच सेंटिमीटर रुंद असतो, जमिनीवरच्या कुठल्याही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यापेक्षा मोठा. पळायचं की लाथ घालायची, हे तो बघून ठरवतो. दिसणं बंद झालं की थबकतो. दक्षिण आफ्रिकेत हा धंदा दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तिथेही धरताना डोळे झाकतातच. पण त्यासाठी मऊ, गडद कापड लागतं, जुन्या स्वेटरची बाहीसुद्धा चालते, आणि चोच मोकळी ठेवतात. खताचं प्लॅस्टिकचं पोतं चोचीसकट ओढलं तर श्वासच कोंडेल. शहामृगाला घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ती वाट तुम्ही बंद केलीत.

आणि थबकला म्हणजे निवांत झाला, हे कुणी सांगितलं? पोत्याखाली गप्प उभा असलेला पक्षी भेदरलेलाही असू शकतो. चालत्या गाडीत तर डोळे झाकलेले असणं वाईटच. आजूबाजूचं काहीच दिसत नाही, मग वळणावर पाय रोवणार कसा? गाडीत चढेपर्यंत डोळे झाकावेत, चढल्यावर कापड काढावं आणि गाडीच्या आतच अंधुक अंधार करावा.

आता पाय. शंभर-सव्वाशे किलोचं धड, त्याखाली लांबलचक दोन पाय आणि प्रत्येक पायाला दोनच बोटं. बांधून आडवा टाकला की सगळा भार त्या पायांच्या स्नायूंवर आणि नसांवर येतो. सुटायला तो धडपडतो, आणि या धडपडीतच स्नायू आतून खराब होतात. असा पक्षी त्याच दिवशी मरेल असं नाही. दोन-चार दिवसांनीही जातो आणि मालक खाद्याला दोष देत बसतो. मोडलेला पाय मोठ्या पक्ष्यात सहसा जुळत नाही.

पिंपळगावला टोमॅटोचे क्रेट नेणारी पिकअप जशीच्या तशी चालणार नाही. तिचा पत्रा गुळगुळीत, त्यावर पाय फाकला की संपलं. खाली रबरी मॅट किंवा वाळूचा थर हवा, बाजू बंद हव्यात, पक्षी थोडे आणि साधारण एका मापाचे हवेत. गाडी चालायला लागली की बरेच पक्षी आपणहून खाली बसतात, तेवढी जागा ठेवा. आधी हौदा झाडून घ्या. खिळे, तारेचे तुकडे, क्रेटच्या पट्ट्या, चमकेल ते हा पक्षी गिळतो.

चढवतानाही पंख धरून ओढायचं काम नाही. दोघांनी दोन बाजूंनी पंखांच्या मुळाशी धरायचं, एकाने मागून हलकं रेटायचं. समोर कुणीही उभं राहायचं नाही, कारण शहामृगाची लाथ पुढे बसते. रस्ता दाखवायला शेडनेटच्या उभ्या भिंती पुरतात. द्राक्षवाल्यांकडे ते पडलेलंच असतं. उघड्या तारेचं कुंपण मात्र घाबरलेल्या पक्ष्याला दिसत नाही, तो सरळ त्यात घुसतो. कातडीला ओरखडे पडले की चामड्याचा भाव उतरतो, म्हणजे पैशाच्या हिशेबानेही हे महागच.

उन्हाबद्दल थोडक्यात. मोकळ्या रानात तो पंख उचलून उघड्या मांड्यांना वारा देतो, धापा टाकतो. ताडपत्रीने गच्च झाकलेल्या गाडीत वारा कुठला? अंधार हवा तसा वाराही हवा, म्हणून वरच्या बाजूला झरोके ठेवा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी कसारा घाटात गाडी तासभर अडकली तर आफ्रिकेचं रक्त कामाला येत नाही. रात्रीच निघा.

राहिला कायदा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी. शहामृग त्यात येतो. विनाकारण वेदना होतील अशा रीतीने प्राणी वाहून नेणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे आणि तो नेणाऱ्याला लागतो, म्हणजे भाड्याने गाडी घेऊन आलेला ड्रायव्हरही सुटत नाही. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये लिहिलाय हे खरं, त्यावर हसायचं तर हसा. मेलेल्या पक्ष्याचे पैसे मात्र तो मजकूर पाठवणारा देणार नाही.